काळ्या भुकटीतील भेसळ



बॅटरीचा इतिहास सांगणारे प्रयोगशाळेपासून आरंभ करतात. मी भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीपासून करतो. मध्यप्रांतातील मँगेनीजसाठी १८९६ साली इंग्रजी भांडवलाची मंडळी आली. आजची सरकारी ‘मॉइल’ ही तिचीच वारस. टॉर्चच्या सुक्या सेलमधील काळी भुकटी म्हणजे मँगेनीज डायऑक्साइड. ती सेलची धन बाजू, म्हणजे कॅथोड. लक्लांशे या फ्रेंच गृहस्थाने १८६६ मध्ये तिला कामाला लावले. भुकटीत तांब्याचा वा निकेलचा अंश राहिला, की आतले जस्त आपोआप झिजते आणि सेल दुकानातच मरतो. म्हणून खनिज आम्लात विरघळवून, लोखंडासारखी भेसळ काढून टाकून, विजेच्या साहाय्याने डायऑक्साइड पुन्हा मिळवतात. असा कारखाना डोंगरी बुजुर्गला १९९१ मध्ये निघाला.

त्याच वर्षी जपानच्या सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. त्याचा कॅथोड कोबाल्टचा होता. मँगेनीजचा पर्याय थॅकरे व गुडइनफ यांनी १९८३ मध्येच दाखवला होता. येथे भेसळीची किंमत वाढते. कॅथोडमध्ये लोखंडाचा बारीक कण राहिला, तर तो चार्जिंगच्या वेळी विरघळतो, पलीकडच्या बाजूवर जाऊन साचतो, आणि त्याची सुई मधला पातळ पडदा भेदते. मग आग. सेल बनवताना आत शिरलेल्या धातुकणांपायी सोनीच्या लाखो लॅपटॉप-बॅटऱ्या २००६ मध्ये परत घ्याव्या लागल्या. काही दोष तर बाहेरून येतच नाहीत: निकेल व लिथियम यांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे, म्हणून भट्टीत एकमेकांच्या जागा बळकावतात, आणि लिथियमची वाट अडते.

भुकटीची एवढी काळजी! आता दळणाऱ्याकडे पाहू. मँगेनीजची धूळ छातीत गेली की मेंदूवर परिणाम होतो. चाल अडखळते, चेहरा निर्विकार होतो. ग्लासगोच्या जॉन कूपर या डॉक्टराने खनिज दळणाऱ्या कामगारांत हा रोग १८३७ मध्येच पाहिला होता, म्हणजे लक्लांशेच्या सेलच्या २९ वर्षे आधी. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने त्याला कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत घातले. कळवण्याचे काम व्यवस्थापकाचे आणि डॉक्टराचे. कामगाराचे पाय लटपटले की दारूचे नाव घेणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत.