वर्तुळातलं मूल कोणाचं?

मराठी नाटकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "त्यात काय, परक्यांचं उचललेलं!" मला हे कधीच पटलं नाही. का, ते एका नाटकाची हकिगत सांगून पटवतो.

१९७३ साली विजया मेहतांनी मुंबईत 'अजब न्याय वर्तुळाचा' हे नाटक केलं. मूळ लेखक जर्मन, ब्रेख्त. हिटलरमुळे देश सोडून अमेरिकेत राहत असताना १९४४ मध्ये त्याने ते लिहिलं. मराठी रूप दिलं चिं. त्र्यं. खानोलकरांनी, म्हणजे आपल्या आरती प्रभूंनी. विजयाबाईंच्या जोडीला होते फ्रिट्झ बेनेविट्झ, पूर्व जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक. १९७० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाटक बसवायला ते आले आणि पुढे येतच राहिले.

नाटक सुरू होतं रशियाच्या छत्राखालच्या जॉर्जियात. एका दरीवरून शेतकऱ्यांच्या दोन गटांत वाद. एक म्हणतो, जमीन पूर्वापार आमची. दुसरा म्हणतो, आम्ही पाणी आणू, बागा फुलवू. बांधाचं भांडण म्हणजे काय, हे चिखलीच्या माणसाला सांगायला नको!

मग येते आतली गोष्ट. बंडाळीत सुभेदारीण पोटचं मूल टाकून पळते, मोलकरीण ते वाढवते. पुढे दोघी हक्क सांगतात. न्यायाधीश खडूने वर्तुळ काढतो, मुलाला मध्ये उभं करतो आणि म्हणतो, ओढा. मुलाला इजा होईल म्हणून मोलकरीण हात सोडते. मूल तिलाच मिळतं.

ही गोष्ट ब्रेख्तने जुन्या चिनी नाटकावरून घेतली. आपल्या महाउम्मग्ग जातकातही असाच निवाडा आहे. तिथे जमिनीवर रेघ ओढतात आणि हात सोडते ती जन्मदात्री. ब्रेख्तने न्याय फिरवला आणि मूल वाढवणारीला दिलं.

आता उलटा प्रवास बघा. १७९१ मध्ये फॉर्स्टरने शाकुंतल जर्मनमध्ये आणलं. ते वाचून गटे हरखून गेला आणि त्याने स्तुतिपर ओळी लिहिल्या. तो राहायचा वायमारलाच, तिथलं नाट्यगृहही सांभाळायचा! त्याच गावचे बेनेविट्झ आपल्याकडे आले, आणि विजयाबाईंनी तिकडे जाऊन जर्मन नटांना घेऊन मुद्राराक्षस, शाकुंतल, हयवदन उभी केली. संस्कृत नाटकं, कानडी लेखक, मराठी दिग्दर्शिका आणि जर्मन नट!

यामागे राजकारण नव्हतं असं नाही. भारताने पूर्व जर्मनीला मान्यता दिली १९७२ मध्ये. त्या सरकारला जगात मित्र हवे होते, म्हणून कलावंतांची ये-जा सोपी झाली. १९९० मध्ये तो देशच नकाशावरून गेला. बेनेविट्झ १९९५ मध्ये वारले. पण सरकारी हेतूने आलेला माणूस तालमीच्या खोलीत शिरला की नाटकाचाच होतो, हे या जोडीने दाखवलं.

मग 'अजब न्याय' कोणाचं? चीनचं, जर्मनीचं, जॉर्जियाचं की आपलं? माझ्या मते निवाडा नाटकातच दिलेला आहे. ज्यांनी ते आपल्या भाषेत न्हाऊमाखू घातलं, त्यांचं. आणि उद्या कोणी आपलं नाटक नेऊन असंच वाढवलं, तर आपणही हात सैल सोडायला हवा. तेवढं मन मात्र आपल्याकडे हवं.