तळटीप : इंटरफेरॉनची इंजेक्शने

१. इंटरफेरॉन : विषाणू शिरताच पेशी जी प्रथिने सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात, ती. १९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी ती शोधली. जनुकतंत्राने जिवाणूंकडून भरपूर बनवता येऊ लागल्यावरच ती औषध म्हणून आवाक्यात आली. यकृताला सूज आणणाऱ्या ‘सी’ विषाणूवर आठवड्यातून तीनदा कातडीखाली इंजेक्शन घ्यावे लागे, पुढे पेगिलेटेड प्रकार आल्यावर एकदा. सोबत रिबाविरिन. विषाणूच्या पहिल्या जनुकीय प्रकारासाठी ४८ आठवडे, भारतात अधिक आढळणाऱ्या तिसऱ्यासाठी साधारण २४. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर रोग उलटू नये म्हणून मोठी मात्रा जवळपास वर्षभर चाले. त्या मानाने आयुष्य वाढण्याचा लाभ थोडाच.

लेखकाने वर्णिलेली रात्र त्या काळच्या अनेक रुग्णांची आहे : संध्याकाळी सुई, सोबत पॅरासिटामॉल, आणि काही तासांत हुडहुडी, ताप, अंग मोडून येणे. लेखकाला आलेली घोर उदासीही औषधाचाच परिणाम होती. घरच्यांनी तिला मनाचा कच्चेपणा म्हणावे, याचे फार वाईट वाटते. उपचारापूर्वी आणि चालू असताना मनःस्थिती तपासणे म्हणूनच आवश्यक असते.

२०१३च्या अखेरीस सोफोसबुव्हिर आले आणि ‘सी’साठी बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरू लागल्या. मेलॅनोमातही इम्युनोथेरपीच्या नव्या औषधांनी इंटरफेरॉनला मागे सारले. यकृताच्याच ‘बी’ विषाणूच्या निवडक रुग्णांना पेगिलेटेड इंटरफेरॉन अजूनही देतात, मात्र यकृत निकामी होऊ लागले असल्यास नाही.