डोळ्यांवर बांधलेली साइट

हेडसेट चढवला की सिव्हिलचा विद्यार्थी सगळ्यात आधी हात पुढे करतो. समोर धरणाच्या माथ्यावरचा कठडा दिसत असतो, खाली सांडवा. हात कठडा धरायला जातो आणि शेजारच्याच्या नाकावर बसतो. वर्ग हसतो. आता मी आजूबाजूच्या खुर्च्या आधीच सरकवून ठेवतो.

व्हीआर म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांचं खूळ, असं स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं. मला ते पटत नाही. हे कूळ गेमपेक्षा बरंच जुनं आहे आणि त्यात मास्तर-प्राध्यापकांचाच भरणा आहे.

मूळपुरुष चार्ल्स व्हीटस्टन, लंडनच्या किंग्ज कॉलेजातला प्राध्यापक. बारावीच्या फिजिक्समध्ये ज्याचा ब्रिज येतो, तोच. (ब्रिज मुळात क्रिस्टी नावाच्या गृहस्थाचा, पण नाव याचं लागलं.) १८३८ मध्ये त्याने दोन आरसे काटकोनात उभे करून स्टिरिओस्कोप मांडून दाखवला. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला किंचित वेगळं; मेंदू दोन्ही जुळवतो आणि सपाट कागदाला खोली येते. फोटोग्राफी जगासमोर यायला अजून एक वर्ष होतं. म्हणून त्याची चित्रं नुसत्या रेघांची: घन, शंकू, पिरॅमिड. पहिल्या वर्षाला ग्राफिक्सच्या शीटवर पोरांना रडकुंडीला आणतात तीच मंडळी!

पुढे फोटो आले, भिंगं आली, आणि हे यंत्र दिवाणखान्यातून शाळेत शिरलं. अमेरिकेतल्या अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीसाठी जेम्स रिकल्टन या शाळामास्तराने हिंदुस्थानात काढलेली शंभर जोडचित्रं १९०७ मध्ये पुस्तकासह निघाली. खरी गंमत सोबतच्या नकाशांत आहे. चित्र जिथून काढलं ती जागा नकाशावर दाखवलेली, आणि तिथून फाकत गेलेल्या दोन रेघा. म्हणजे तुम्ही इथे उभे आहात, आणि या रेघेपासून त्या रेघेपर्यंतचं तुम्हाला दिसतंय. नुसतं चित्र दाखवलं तर मूल ‘वा’ म्हणून पुढचं कार्ड मागतं. कुठे उभं राहून बघतोय हे कळलं, तरच ती व्हिजिट. आज ३६० अंशांच्या व्हिडिओत जमिनीवर बाण उमटतात, ते या दोन रेघांचे पणतू.

१९६८ मध्ये आयव्हन सदरलंडने डोक्यावर घालायचा पडदा बनवला. छताला टांगलेल्या दांड्याला तो जोडलेला होता. मान वळवली की चित्रही त्या हिशोबाने बदले. आणि त्यात दिसे काय? रेघांचा घन. एकशेतीस वर्षांनी गाडी पुन्हा व्हीटस्टनच्या स्टेशनावर.

चष्म्यातल्या साइट व्हिजिटचा सख्खा पूर्वज मात्र अ‍ॅस्पेन हे कोलोरॅडोतलं गाव. १९७८ च्या सुमारास एमआयटीच्या चमूने गाडीच्या टपावर कॅमेरे बसवून दर दहा फुटांवर फोटो घेतले, ते व्हिडिओडिस्कवर भरले आणि पडद्याला बोट लावून गावात हिंडायची सोय केली. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा. १९७६ मध्ये एन्टेबे विमानतळावरच्या ओलिसांची सुटका झाल्यानंतर, न पाहिलेल्या जागेची ओळख सैनिकाला आधीच कशी करून द्यावी, हा प्रश्न त्यांना पडला होता. आमचा प्रश्न तोच, फक्त सैनिकांच्या जागी थर्ड इयर.

२०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला आणि हे सगळं खिशाला परवडू लागलं.

हे झालं वडिलांकडचं. आजोळ आहे खऱ्या, पायी केलेल्या साइट व्हिजिटचं. रुरकीचं कॉलेज १८४७ मध्ये निघालं तेच गंगा कालव्याच्या कामाला माणसं हवी होती म्हणून. सोलानी नदीवरचा जलसेतू गावाशेजारीच उभा राहत होता. तिथे कॉलेजच साइटवर गेलेलं. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेला वर्गही सरकारी बांधकामांसाठीच होता. आमच्या जिल्ह्यात शेगावचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ चं. साइट मात्र दारात आल्या: घाटाखाली पूर्णेवर जिगावचं धरण, घाटावर मेहकर-सिंदखेडराजावरून गेलेला समृद्धी महामार्ग.

मग चष्मा कशाला? कारण साठ पोरं घेऊन गर्डरखाली उभं राहता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये याच महामार्गाच्या शहापूरकडच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले. साइट इंजिनिअर लांबूनच हात दाखवतो आणि मागच्या रांगेतल्या पोराला पुढच्याचं हेल्मेट दिसतं. चष्म्यात तोच गर्डर दहा वेळा चढवून दाखवता येतो, हवा तिथे थांबवताही येतो.

काळी माती मात्र चष्म्यात येत नाही. पावसाळ्यात घाटाखालच्या खड्ड्यात उतरलं की पन्नास पावलांत बूट दुप्पट जड होतो. ही माती पाणी पिऊन फुगते, सुकली की भेगाळते, आणि इमारतीचा पाया उचलते. हे पुस्तकात दोन पानं आहे. बुटाला चिकटलं की पानांची गरज उरत नाही. म्हणून मी आधी चष्मा, मग साइट, असा क्रम ठेवतो.

गेल्या वर्षी एका पुलाचं चित्रण आम्हीच केलं. ३६० अंशांचा कॅमेरा चहूकडे बघतो, त्यामुळे त्याला तिकाटण्यावर ठेवून आम्ही सगळे खांबामागे लपलो. तेवढ्यात घमेलं घेतलेली एक बाई तिथून गेली, कॅमेऱ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “काय पाहून राह्यला बाप्पा?” ते कापायचं राहून गेलं. परवा वर्गात हेडसेट घातलेल्या एका मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, “काही नाही मावशी, पाइल कॅप.”