मैनेचा विरह आणि राज्याचा नकाशा

‘निर्वासित’ हा शब्द आपल्याकडे 1947 सालाने घरोघर पोहोचविला. सिंध-पंजाबातून आलेल्यांची त्या वेळी सरकारदरबारी नोंद झाली, त्यांच्यासाठी छावण्या उभ्या राहिल्या. परंतु दारिद्र्याने आणि जातीच्या जाचाने जे गावाबाहेर लोटले गेले, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात करावयाची? अण्णाभाऊ साठे यांची कवने आम्ही या प्रश्नासह वाचतो.

वाटेगाव (आताचा सांगली जिल्हा) येथे 1 ऑगस्ट 1920 रोजी जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणीच आईवडिलांबरोबर पायी मुंबईस आले. इंग्रजी अमदानीत मांग समाजाकडे सरकार गुन्हेगार म्हणून पाही. त्या हजेरीची कथा पुढे ‘फकिरा’ (1959) या कादंबरीत आली. मुंबईत गिरणी, संप आणि लाल बावटा यांनी त्यांना घडविले. 1944 साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. बाज तमाशाचाच, पण गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला वंदन! मुंबई सरकारने या पथकावर बंदी घातली, यात नवल नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली त्यांची मैनेची छक्कड मात्र वेगळ्या वाटेने जाते. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या रूपागुणांची आठवण काढतो, शहरातली श्रीमंती आणि बेकारी पाहतो. येथवर ती लावणीच आहे. मग हा विरह एकाएकी खंडित महाराष्ट्राचा होतो. बेळगाव, कारवारची नावे येतात. घोषणा पोलिसांना अडविता येते, पण बायकोच्या आठवणीला कोणते कलम लावावे? गावाची ताटातूट स्वतः भोगलेल्यालाच ही युक्ती सुचावी.

जाफन्यात बालपण घालवून यादवीमुळे 1986 साली लंडनला आश्रय घेतलेली तमिळ गायिका एम. आय. ए. हिच्या ‘पेपर प्लेन्स’च्या (2007) ध्रुपदात बंदुकीचे बार व गल्ल्याची घंटा वाजते. परक्याला चोर समजणाऱ्या नजरेची ती थट्टा आहे. अण्णाभाऊ येथे थट्टा करीत नाहीत; ते आधी हुरहुर लावतात आणि मग हिशेब मागतात.

आम्हां जबलपूरकरांना यातली हुरहुर चटकन भिडते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय नागपूरऐवजी येथे आले आणि त्याच्यामागोमाग मराठी माणसेही आली. तरीही आमच्या हाती बदलीचा हुकूम असतो, प्रवासभत्ता असतो, निवृत्तीनंतर परतण्याची सोय असते. वाटेगावहून निघालेल्या कुटुंबापाशी यातले काहीच नव्हते. म्हणून घराच्या आठवणीने पूर्वार्ध आळवावा आणि उत्तरार्ध गाळावा, हे आम्हांस रुचत नाही.

1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. अण्णाभाऊ 18 जुलै 1969 रोजी वारले, तेही मुंबईतच.