प्रस्तावना : अर्धे आकडे, अर्धी वीज

कॉर्ग डीडब्ल्यू-८००० हा सिंथेसायझर चालू करा, डिले शून्यावर आणा, फिल्टर पूर्ण उघडा आणि एकच पट्टी धरून ठेवा. सपाट, गोठल्यासारखा आवाज येईल. यासाठी लोक एवढे वेडे होतात? नव्या वाचकाला मी तरी आधी हाच आवाज ऐकवतो.

१९८३मध्ये यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरने डिजिटलचं वारं आणलं, पण मेमरी महाग होती. म्हणून १९८५च्या डीडब्ल्यू-८००० या जपानी वाद्यात पियानो, व्हायोलिन, घंटा अशा नादांचं एकेकच आवर्तन साठवलं. असे एकूण १६ वेव्हफॉर्म. तेच आवर्तन गरागरा फिरत राहतं, म्हणून आवाज हलत नाही. त्याला हलवतो तो पुढचा ॲनालॉग भाग : एकाच वेळी वाजू शकणाऱ्या आठ आवाजांना प्रत्येकी एक एनजेएम२०६९ चिप, फिल्टर आणि पातळी दोन्ही सांभाळणारी. (हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम यांनी पीपीजी वेव्ह या सिंथेसायझरमध्ये त्याआधीच आवर्तनांची माळ ओवून तिच्यावरून सरकण्याची युक्ती काढली होती, तो वेगळाच ग्रंथ होईल.)

आता एका ऑसिलेटरवर घंटा घ्या, दुसऱ्यावर करवती वेव्हफॉर्म, जरासा उतरवून. फिल्टर अर्धा मिटा. सुराचा चढ-उतार ठरवणाऱ्या इथल्या एन्व्हलपला सहा टप्पे आहेत. ब्रेक पॉइंट खाली आणि सस्टेन त्याच्या वर ठेवून स्लोप संथ केला, की घंटेचं टोक उमटून विरतं आणि मागून तोच सूर पुन्हा हळूहळू उजळत येतो. नेहमीच्या चार टप्प्यांत हे जमायचं नाही.

आवाज कुठून कुठे जातो हे एकदा कळलं, की दुरुस्तीही निम्मी कळते. आवाज आळीपाळीने वाटले जात असताना एकच पट्टी दाबत राहा. दर आठव्या वेळी सूर बोदा आला, तर खोट पट्टीत नाही, त्या एका आवाजाच्या ॲनालॉग वाटेत आहे. ठरावीक पट्टीच अडत असेल, तर तिच्याखालचे रबरी संपर्क पुसा. खरखर डिले शून्यावर नेताच थांबली, तर डिलेचा भाग तपासा. चिपवर संशय आला म्हणून लगेच ती उपटू नका. ती आता बनत नाही. आधी पॉवर सप्लाय मोजा.

राहिली बॅटरी. बोर्डावर सोल्डर केलेली सीआर२०३२ ६४ प्रोग्रॅम जपते. पहिल्यांदा ती बदलताना, कॅसेटच्या जॅकमधून नक्कल घ्यायचं मी 'नंतर बघू' म्हणून टाळलं. वाद्य चालू झालं, डिस्प्लेवर आकडे नेहमीसारखे उजळले, पण ओळखीचा आवाज एकही उरला नव्हता.

पुढची प्रकरणं कुठल्याही क्रमाने वाचा. बॅटरीचं तेवढं स्क्रू काढण्याआधी.