एका बीटलच्या तीन आवृत्त्या

फोक्सवॅगनची बीटल डोळ्यासमोर आणा. पालथ्या वाटीसारखं छप्पर, चार फुगीर मडगार्ड, गोल दिवे. १९३८ पासून जुलै २००३ पर्यंत अशा २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या, शेवटची मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यात. या गाडीत धड सरळ रेघ शोधून सापडत नाही. आणि तुमच्या हातात आहेत चौकोनी ठोकळे. बनवा बघू बीटल!

लेगो कंपनीने हा प्रश्न निदान तीन वेळा सोडवला आहे आणि तिन्ही उत्तरं एकमेकांपेक्षा पार वेगळी आहेत. तर या विकांताचा विषय हा: ठोकळ्यांची गाडी 'हुबेहूब' आहे की नाही हे ठरवायचं कसं? आणि ती 'मोलाची' आहे की नाही हे ठरवायचं कशावरून?

आधी थोडा इतिहास. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. प्लास्टिकचे ठोकळे आले १९४९ मध्ये, आणि तेही ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट ठोकळ्यांवरून बेतलेले. ते एकमेकांना नीट धरून राहत नसत. मग ठोकळ्याच्या पोटात नळ्या घालायची युक्ती सुचली आणि २८ जानेवारी १९५८ ला तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. वरच्या दोन खुंट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६, आणि चपट्या पट्टीची उंची त्याच्या बरोब्बर एक तृतीयांश, म्हणजे ३.२. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. साठ-पासष्ट वर्षं टिकलेला इंटरफेस! आपल्याकडे दोन वर्षांपूर्वीची लायब्ररी नव्या आवृत्तीवर चालत नाही, हे आठवलं की जरा लाजच वाटते.

आता पहिली बीटल. १९५५ मध्ये लेगोने गावाचा नकाशा असलेला संच काढला. घरं ठोकळ्यांची बांधायची, पण रस्त्यावरच्या गाड्या? त्या तयार मिळायच्या. एकसंध प्लास्टिकच्या, १:८७ प्रमाणातल्या, म्हणजे खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एचओ मापाच्या. त्यांत बीटलही होती. छप्पर गोल, मडगार्ड गोल, सगळं जागच्या जागी. दिसण्यापुरतं बोलायचं तर काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ती गाडी ठोकळ्यांची नव्हती. ती मोडून तिचा ट्रक करता येत नव्हता. चाक १९६२ मध्ये आलं, तेव्हा कुठे पोरांना स्वतःची गाडी बनवता यायला लागली. (आज लेगो नगांच्या हिशेबात जगातली सगळ्यात मोठी टायर बनवणारी कंपनी आहे. गिनीजवाल्यांनी तशी नोंद केली आहे!)

१९७८ मध्ये तो पिवळ्या तोंडाचा छोटा माणूस आला आणि गणित बिघडलं. कसं ते बघा. तेव्हाच्या गाड्या चार खुंट्या रुंद, म्हणजे ३२ मिलिमीटर. खरी बीटल साधारण १५४ सेंटिमीटर रुंद. प्रमाण झालं १:४८. त्याच प्रमाणात चार सेंटिमीटरचा हा माणूस सहा फुटांच्या थोडा वर भरतो. ठीक आहे, उंच आहे म्हणू. पण हातांसकट त्याची रुंदी आहे अडीच सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्षात सव्वा मीटर! शेजारी दुसरं कोणी बसणार कुठे? लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स मालिकेतल्या गाड्या २०१५ मध्ये सहा खुंट्या रुंद होत्या, २०२० मध्ये आठ झाल्या, तेव्हा दोघांना शेजारी शेजारी बसायला जागा मिळाली. यात चूक कुणाचीच नाही. माणूसच मुळात प्रमाणात नाही, मग त्याच्यासाठी बनवलेली गाडी कशी असेल?

म्हणून हुबेहूबपणा मोजायचा तर पहिला प्रश्न असा: प्रमाण काय, आणि ते तिन्ही दिशांना एकच आहे का? २०२१ चं टायटॅनिक घ्या. ९,०९० तुकडे, प्रमाण १:२००, लांबी १३५ सेंटिमीटर. खरं जहाज २६९ मीटर. भागाकार करा, जुळतो. २०१६ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस १:८ ची, लांबी ५७ सेंटिमीटर, तीही जुळते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. हुबेहूबपणा आला कुठून? नेहमीच्या ठोकळ्यांच्या मांडणीतून, की त्या गाडीसाठी खास पाडलेल्या साच्यातून? हा प्रश्न नुसता शौकिनांचा नाही, याच्यापायी कंपनी बुडायची वेळ आली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुलांना झटपट जुळणारी खेळणी हवीत म्हणून लेगोने मोठमोठे तयार तुकडे काढायला सुरुवात केली. १९९७ ते २००४ या काळात वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. प्रत्येक नवा तुकडा म्हणजे नवा साचा, नवा साठा, नवा खर्च. तोट्याची इतरही कारणं होती, पण हे त्यातलं मोठं. २००४ मध्ये यॉर्गन विग क्नूडस्टॉर्प सीईओ झाले आणि तुकड्यांच्या यादीला कात्री लागली. ज्याने कधी 'फक्त या एका क्लायंटसाठी' म्हणत कोडमध्ये वेगळी इफ-कंडिशन टाकली आहे, त्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको. एक कंडिशन चालते, हजार झाल्या की सिस्टीमच उरत नाही.

या पार्श्वभूमीवर दुसरी बीटल आली, २००८ मध्ये. १,६२६ तुकडे, साधारण १:१० प्रमाण, लांबी ४१ सेंटिमीटर. यावेळी मात्र खरोखर ठोकळ्यांची. छपराचा गोलावा थरावर थर रचून साधलेला, त्यामुळे जवळून बघितलं की पायऱ्या दिसतात, वर खुंट्याही दिसतात. कमी रिझोल्यूशनच्या फोटोसारखं. पण चार पावलं मागे जा, आणि बीटल दिसायला लागते.

तिसरी आली २०१६ मध्ये. १,१६७ तुकडे, लांबी २९ सेंटिमीटर. तुकडे कमी, गाडी लहान, तरीही जास्त 'बीटल'. कारण मधल्या वर्षांत वक्र तुकड्यांचं भांडार वाढलं होतं आणि ठोकळे आडवे, कुशीवर लावायचं तंत्र रुळलं होतं. मागची डिकी उघडली की चार सिलिंडरचं इंजिन, पुढचं बॉनेट उघडलं की स्टेपनी. बीटलचं इंजिन मागे असतं, हे गाडी हाताळणाऱ्या पोराला आपोआप कळतं. आता जरा फूटपट्टी लावा. लांबीने प्रमाण येतं १:१४, रुंदीने जवळपास १:१३. म्हणजे गाडी किंचित जास्त रुंद आहे! पण डोळा ते पकडत नाही, कारण बीटलची ओळख मापात नाही, गोलाव्यात आहे. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे ज्याला कळलं, त्याचं मॉडेल जमलं. जेपेग हेच तर करतं.

तिसरा प्रश्न चालण्याचा. १९७७ पासून टेक्निक मालिकेत गिअर, पिस्टन, स्टिअरिंग खरोखर फिरतात. वर उल्लेख केलेल्या पोर्शेत २,७०४ तुकडे, आडव्या पिस्टनचं सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगमागे गिअरचे पाते. खऱ्या गाडीचे सात गिअर इथे चार झाले, तेही चालेल. पण छापील पुस्तिकेप्रमाणे जुळवलं की गिअर १-३-२-४ अशा क्रमाने पडायचे! बॉडी बसल्यावर आतलं काही दिसत नाही, त्यामुळे फोटोत ही चूक कधीच कळली नसती. लोकांनी चाकं फिरवून बघितली तेव्हा कळली. उलट २०१८ ची पूर्ण आकाराची बुगाटी शिरॉन बघा. दहा लाखांहून जास्त तुकडे, वजन दीड टन, २,३०४ छोट्या मोटारी, आणि वेग ताशी २० किलोमीटरच्या थोडा वर. वेगाच्या कसोटीवर ही नापास. पण गोंदाशिवाय उभी राहून माणसाला घेऊन चालली, या कसोटीवर पैकीच्या पैकी. कसोटी कोणती ते आधी ठरवा, मग गुण द्या.

आता मोलाचं. सगळ्यात लाडका हिशेब म्हणजे एका तुकड्याला किती पैसे पडले. अमेरिकेत २००८ ची बीटल ११९.९९ डॉलरला होती, २०१६ ची ९९.९९ ला. म्हणजे तुकड्यामागे ७.४ सेंट आणि ८.६ सेंट. या हिशेबाने जुनी स्वस्त. पण हे कोडच्या ओळी मोजून प्रोग्रॅमरला पगार देण्यासारखं झालं. जिथे एक वक्र तुकडा पुरतो तिथे सहा पट्ट्या लावल्या की भाव 'स्वस्त' दिसतो, एवढंच.

दुसरा हिशेब गुंतवणुकीचा. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी १९८७ ते २०१५ मधल्या २,३२२ न उघडलेल्या संचांचे भाव तपासले आणि वर्षाला सरासरी ११ टक्के परतावा निघाला. सोन्यापेक्षा भारी म्हणत बातम्या झाल्या. पण सरासरीच्या पोटात निम्म्यावर आलेले संचही होते. मिलेनियम फाल्कनचंच बघा. २००७ चा पाच हजारांहून जास्त तुकड्यांचा संच ५०० डॉलरचा, नंतर त्याचे भाव कित्येक हजारांवर गेले. २०१७ मध्ये कंपनीने ७,५४१ तुकड्यांचा नवा, सुधारित संच काढला आणि जुन्याचे भाव गडगडले. जुन्या मॉडेलमध्ये एका रात्रीत काय बिघडलं? काहीच नाही. फक्त टंचाई संपली. बाजार हुबेहूबपणा मोजत नाही, तो टंचाई मोजतो, आणि डब्याचं सील.

तेव्हा पुढच्या वेळी चार-आठ हजारांचा डबा हातात घ्याल, तर फूटपट्टी, साचा आणि चाक हे तीन प्रश्न विचारून बघा. परताव्यासाठी घेणार असाल तर खुशाल घ्या, पण मग ती बीटल आहे की फाल्कन याने काही फरक पडत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: १९५० च्या दशकातली बीटल सगळ्यात हुबेहूब, २००८ ची सगळ्यात प्रामाणिक, आणि २०१६ ची सगळ्यात शहाणी. आणि शेवटच्या दोन्ही, कंटाळा आला की मोडून त्यांचा ट्रक करता येतो.