खेळण्यातली मोटार कुणाच्या मालकीची? रूप बदलणारे यंत्रमानव आणि परवान्यांचा चाळीस वर्षांचा इतिहास

श्रावण सरत आला की रायपूरच्या बाजारांत मातीचे बैल दिसू लागतात. पायांखाली मातीचीच चाके, गळ्यात ओढायला दोरी. छत्तीसगडी बोलीत त्यांना ‘नंदिया बइला’ म्हणतात. मुलगे बैल ओढतात, मुलींच्या वाट्याला मातीचे जाते, चूल आणि भांडी येतात. आपल्या पंचांगातील श्रावण अमावास्या उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेत भाद्रपदाची ठरते. सण मात्र एकच, इथे पोळा आणि तिथे पोरा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. नागपुरातील लाकडी बैलांचा तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली सुरू केला, असे परंपरा सांगते.

या खेळण्यांत एक जुना नियम दडलेला आहे. ज्या काळी जी शक्ती समाजाचे ओझे ओढते, तिचीच प्रतिकृती मुलांच्या हाती येते. बैल घडवणाऱ्या कुंभाराला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कारण बैलाच्या आकाराला कुणी मालक नव्हता. ओझे ओढण्याचे काम मोटारीकडे गेले, तेव्हा खेळण्याने मोटारीचे रूप घेतले. पण मोटारीच्या आकाराला मालक होता. हा फरक कळायला खेळण्यांच्या उद्योगाला बराच काळ लागला. ती कथा सर्वांत स्पष्ट दिसते ती मोटारीचा यंत्रमानव होणाऱ्या खेळण्यांत.

जपानच्या ताकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ ही मालिका आणली. आरंभी तिच्यात कल्पनेतील अंतराळयाने होती. १९८२ मध्ये ‘कार रोबो’ हा उपविभाग आला आणि दिशा बदलली. सुमारे एकास साठ या प्रमाणातल्या, रस्त्यावर खरोखर धावणाऱ्या मोटारी उलगडून यंत्रमानव होऊ लागल्या. आत बसायला पायात चुंबक असलेला इवलासा चालकही असे. लॅम्बोर्गिनी काउंटाश, निस्सान फेअरलेडी, लॅन्शिया स्ट्रॅटोस, होंडा सिटी अशी वाहने निवडली गेली. जपानी खोक्यांवर त्या मोटारींची नावे ठळक छापलेली असत. खेळण्याचे आकर्षणच ते होते.

अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे साचे घेतले आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकायला आणले. खोक्यावरून मोटारीचे नाव गेले, त्या जागी पात्राचे नाव आले. फेअरलेडी ‘प्राउल’ झाली, काउंटाश ‘साइडस्वाइप’ झाली, चपट्या तोंडाचा मालट्रक ‘ऑप्टिमस प्राइम’ झाला. ताकाराच्याच दुसऱ्या मालिकेतील एक छोटीशी फोक्सवॅगन बीटल ‘बम्बलबी’ या नावाने मुलांची लाडकी झाली. प्रत्येक यंत्रमानवाला स्वभाव, पक्ष आणि कथा मिळाली. मोटारीचा आकार मात्र होता तसाच राहिला. मूल ज्याला ‘प्राउल’ म्हणून हाक मारत होते, ती कुणातरी अभियंत्याने दुसऱ्याच हेतूने आखलेली रेषा होती.

येथे या खेळण्याची तांत्रिक अडचण समजून घ्यायला हवी. साध्या प्रतिकृतीत मोटारीचे कवच अखंड राहते. रूप बदलणाऱ्या खेळण्यात तेच कवच तुकड्यांत कापावे लागते: बॉनेट छातीवर येते, दारे खांद्यांमागे जातात, मागचा भाग दुभंगून पाय होतात. सांधे, बिजागऱ्या आणि हातपाय आतल्या पोकळीत मावायचे असतात. त्यामुळे खेळणे करणारा अभियंता नेहमी एका तडजोडीत अडकतो. मोटार हुबेहूब केली तर यंत्रमानव बेढब होतो. यंत्रमानव डौलदार केला तर मोटारीचे प्रमाण बिघडते. ऐंशीच्या दशकात ही तडजोड कंपनी स्वतःच ठरवत असे. परवान्याची पद्धत रुळल्यावर निर्णयात तिसरा भागीदार आला. ज्याची मोटार, तो नमुना पाहणार, रेषा, रंग आणि बोधचिन्ह तपासणार आणि मगच संमती देणार.

हा बदल २००३ पासून ठळक झाला. ताकाराची ‘बिनालटेक’ आणि हॅस्ब्रोची ‘अल्टरनेटर्स’ ही जोडमालिका एकास चोवीस प्रमाणात आली. सुबारू इम्प्रेझा, डॉज वायपर, माझ्दा आरएक्स-८ यांसारख्या मोटारी उत्पादकांच्या अधिकृत परवान्याने बनल्या. दारे आणि बॉनेट उघडत होते, आतली आसने दिसत होती. ग्राहक आता केवळ मूल नव्हते; लहानपणी हे खेळणे हाताळलेला, कमावता झालेला संग्राहक होता. त्याला अचूकपणा हवा होता आणि त्यासाठी तो अधिक पैसे मोजायला तयार होता.

सर्वांची लाडकी बम्बलबी मात्र या मालिकेत बीटलच्या रूपात आली नाही. फोक्सवॅगनला आपले नाव लढाईच्या खेळण्यांशी जोडायचे नव्हते, हे त्यामागचे कारण संग्राहकांत सांगितले जाते. २००६ च्या एका मालिकेत बम्बलबी कोणत्याच कंपनीची नसलेली पिवळी मोटार होऊन आली. २००७ च्या चित्रपटात ती शेवरोले कॅमॅरो झाली. त्या चित्रपटात जनरल मोटर्सची अनेक वाहने नायकांच्या बाजूने उभी होती. पूर्वी खेळणे मोटारीच्या कीर्तीवर विकले जात होते; आता मोटार खेळण्याच्या कीर्तीवर विकली जाऊ लागली. परवाना हे पैसे मागण्याचे साधन होते, तसे ते जाहिरातीचेही झाले. २०१२ मध्ये ‘मास्टरपीस’ या महागड्या मालिकेत लॅम्बोर्गिनीच्या परवान्याने काउंटाश आली आणि २०१४ मध्ये त्याच मालिकेत परवानाप्राप्त बीटल. तीस वर्षांनी बम्बलबीला तिचे मूळ रूप रीतसर परत मिळाले.

पण परवाना घेणे हे कायद्याने बंधनकारक आहे की व्यवहाराची सोय आहे? हा प्रश्न जर्मनीत न्यायालयापर्यंत गेला. ओपेलने आपले बोधचिन्ह मोटारींसाठी नोंदवले होते, तसेच खेळण्यांसाठीही. न्युरेम्बर्गच्या ऑटेक कंपनीने ओपेल अ‍ॅस्ट्राची दूरनियंत्रित छोटी प्रतिकृती विकली. तिच्या जाळीवर मूळ मोटारीप्रमाणेच ओपेलचे चिन्ह होते. युरोपीय न्यायालयाने २५ जानेवारी २००७ रोजी कसोटी सांगितली. हुबेहूब प्रतिकृतीवर चिन्ह असणे आपोआप गुन्हा ठरत नाही. त्या चिन्हाने ग्राहकाला ‘हे खेळणे ओपेलकडून आले’ असे वाटते का, किंवा नामांकित चिन्हाचा अवाजवी लाभ घेतला जातो का, हे पाहावे लागेल. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये ऑटेकच्या बाजूने कौल दिला. खेळण्यावरचे चिन्ह मूळ मोटारीच्या तपशिलाचा भाग आहे, हे ग्राहकाला समजते, असा त्याचा आशय होता.

तरीही परवान्याचा बाजार आटला नाही. खटला जिंकायला अनेक वर्षे लागतात. खेळण्याचा हंगाम काही महिन्यांचा असतो. शिवाय रूप बदलणाऱ्या खेळण्यात मोटार केवळ छोटी होत नाही, तिला हातपाय फुटतात आणि ती लढते. तिला प्रतिकृती म्हणावे की नवे पात्र, यावरच वाद होऊ शकतो. परवाना हा त्या अनिश्चिततेवरचा विमा ठरतो.

भारतातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १९११ च्या जुन्या कायद्याची जागा डिझाइन कायदा, २००० ने घेतली. नोंदवलेल्या डिझाइनला दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच, असे पंधरा वर्षांचे संरक्षण मिळते. डिझाइनची नोंदणी ज्या वर्गात, संरक्षणही त्याच वर्गात. वाहने बाराव्या वर्गात येतात आणि खेळणी एकविसाव्या. केवळ वाहन म्हणून नोंदवलेल्या आकाराचे संरक्षण खेळण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच जगभरच्या अनेक वाहन कंपन्या मोटार आणि खेळण्यातील मोटार अशी दुहेरी नोंदणी करतात. पुढे कॉपीराइट कायद्याचे कलम १५ येते. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि त्यावरून औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वस्तू बनल्या, तर त्यातला कॉपीराइट संपतो. अभियांत्रिकी रेखांकने कलाकृती मानावीत की डिझाइन, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात दोन पायऱ्यांची कसोटी घालून दिली. तो वादही एका वाहनाचाच होता: द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरचा.

आकाराची मुदत संपते, नावाची संपत नाही. व्यापारचिन्ह दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कितीही काळ टिकवता येते, आणि नामांकित चिन्हाला वेगळ्या प्रकारच्या मालावरही संरक्षण मिळू शकते. अ‍ॅम्बेसेडर याचे उत्तम उदाहरण. तिचा आकार ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आला, पश्चिम बंगालच्या उत्तरपाडा येथे ती दशकानुदशके बनली आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबले. तिच्या गोलसर बॉनेटवर आज नोंदणीकृत डिझाइनचा दावा उरलेला नाही. नाव मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये हिंदुस्तान मोटर्सने फ्रान्सच्या प्यूजो समूहाला ८० कोटी रुपयांना विकले.

मुळात भारतीय रस्त्यांवरची कित्येक परिचित रूपे परवान्यानेच आलेली आहेत. प्रीमियर पद्मिनी ही फियाटची. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुण्याच्या बजाजने पिआजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर त्याच घडणीची चेतक १९७२ मध्ये आली. हे जुने धागे किती चिवट असतात, हे महिंद्राच्या ‘रॉक्सर’ने दाखवले. अमेरिकेत तयार होणारी ही गाडी जीपसारखी दिसते, अशी तक्रार फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये केली. जून २०२० मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने रॉक्सर जीपच्या एकंदर बाह्यरूपाचे उल्लंघन करते, असा निर्णय दिला. रूप बदलल्यावर त्याच वर्षाअखेर आयोगाने नव्या गाडीला मोकळीक दिली. न्यायालयातील झगडा त्यानंतरही चालू राहिला. सात दशकांपूर्वी परवान्याने आलेल्या आकाराने खऱ्या वाहनालाच अडवले, तिथे खेळण्याचा प्रश्न गौण कसा मानता येईल?

परवान्यावर खेळणी बनवण्याचा अनुभव भारताला नवा नाही. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल उभी राहिली. तिच्या गोव्यातील कारखान्यात हॅस्ब्रोच्या साच्यांतून ‘जी. आय. जो’चे सैनिक आणि त्यांची वाहने बनली. रंगसंगती वेगळी असल्यामुळे ही गोव्याची खेळणी आज परदेशी संग्राहक शोधून घेतात. साचा बाहेरचा आणि हात इथले, असा तो काळ होता.

आता धोरण पालटले आहे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे गुणवत्ता चिन्ह बंधनकारक झाले. देशी खेळणी बनावीत, हा हेतू स्पष्ट आहे. पण संग्राहकाच्या कपाटातील यंत्रमानवाची किंमत प्लास्टिकच्या वजनावर ठरत नाही. ती आकार, नाव आणि कथा यांच्या हक्कांवर ठरते. साचे इथे ओतले आणि हक्क परके राहिले, तर मोठा वाटा परवानाशुल्काच्या रूपाने बाहेरच जाईल.

समजा, रायपूरच्या एखाद्या तरुण कारागिराने त्रिमितीय मुद्रणयंत्रावर उलगडणारी ऑटोरिक्षा बनवली. त्याला तीन गोष्टी तपासाव्या लागतील. या आकाराची नोंदणी खेळण्यांच्या वर्गात आहे का आणि तिची मुदत संपली का? खेळण्यावर कोणाचे नाव किंवा बोधचिन्ह येते आहे का? आणि रिक्षा ज्या रीतीने उलगडून उभी राहते, ती युक्ती कुणी पेटंट केलेली तर नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डिझाइन आणि व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदींत कुणालाही पाहता येतात. तिसऱ्या प्रश्नात संधी आहे. उलगडण्याची युक्ती त्याची स्वतःची असेल आणि अद्याप जाहीर झालेली नसेल, तर पेटंट किंवा डिझाइनसाठी अर्ज करणारा तोच असू शकतो. मात्र आधी अर्ज आणि मग प्रदर्शन, हा क्रम पाळावा लागतो. समाजमाध्यमावर उत्साहाने टाकलेली एक चित्रफीत नावीन्याचा दावा घालवू शकते.

ताकाराच्या अभियंत्यांनी मोटारींचे आकार दुसऱ्यांकडून घेतले. त्यांचे स्वतःचे होते ते उलगडण्याचे कौशल्य, आणि चाळीस वर्षे पैसा मिळवून दिला तो त्या कौशल्याला जोडलेल्या कथेने. भारतीय रस्त्यांवर अशा कथेला पुरेल इतकी वाहने आहेत, आणि त्यांतील कित्येकांचे आकार आता मुदतीबाहेर गेलेले आहेत.